पंप आतून पाहायचा आहे: पडद्यावरचा सेक्शन, ड्रॉइंगमधला सेक्शन की मॉडेललाच काप?

थ्रीडी कॅड सॉफ्टवेअरमध्ये एंड-सक्शन पंपाची असेंब्ली (सगळे पार्ट जोडलेलं मॉडेल) उघडली की बाहेरून व्होल्यूट केसिंग (गोगलगाईसारखं वळलेलं कवच), दोन फ्लँज आणि बेअरिंग हाउसिंग एवढंच दिसतं. ठरवायच्या गोष्टी सगळ्या आत असतात. इंपेलर (पाणी फेकणारं फिरतं चाक) आणि वेअर रिंग (त्याच्याभोवतीचं झिजणारं कडं) यांच्यात क्लिअरन्स (फट) किती राहिला, मेकॅनिकल सीलला (शाफ्टजवळची गळती थांबवणाऱ्या भागाला) जागा पुरते का, बेअरिंग शाफ्टच्या पायरीला नीट टेकतंय का, केसिंगची भिंत कुठे पातळ झाली आहे, यातलं काहीच सेक्शन, म्हणजे आतलं दाखवणारा काप, लावल्याशिवाय कळत नाही. हा सेक्शन लावण्याचे तीन मार्ग आहेत. सॉफ्टवेअर निवडण्याआधी आपलं काम यातल्या कोणत्या मार्गाचं आहे ते ठरवा, कारण एकच सॉफ्टवेअर एका मार्गात उत्तम आणि दुसऱ्यात अडखळणारं असू शकतं.

पहिला मार्ग पडद्यावरच्या सेक्शनचा. एक प्लेन ठेवायचं, त्याच्या एका बाजूचं सगळं दिसेनासं होतं आणि मॉडेल जसंच्या तसं राहतं. दुसरा ड्रॉइंग शीटवरच्या सेक्शन व्ह्यूचा, हॅचिंग (कापलेल्या भागावरच्या तिरक्या रेघा) आणि डायमेन्शनसकट. तिसऱ्यात मॉडेलमध्ये खरोखरचं कट फीचर घालून पार्ट कापला जातो.

| | पडद्यावर | ड्रॉइंगमध्ये | खरा काप |
|---|---|---|---|
| मॉडेल बदलतं? | नाही | नाही | हो |
| वजन आणि बीओएम (भागांची यादी) | बरोबर राहतं | बरोबर राहतं | कापलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये (मॉडेलच्या त्या रूपात) वजन चुकतं |
| बोल्ट, शाफ्ट न कापता ठेवणं | काही सॉफ्टवेअरमध्येच | चांगल्या ड्रॉइंग मॉड्यूलमध्ये सहज | फीचर स्कोप (काप कोणत्या भागांना लागेल ती निवड) नीट लावला तर |
| स्टेप फाइलमध्ये (दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायच्या फाइलमध्ये) काप जातो? | नाही | नाही | हो |
| खरा उपयोग | तपासणी, डिझाइन रिव्ह्यू | शॉपफ्लोअर, इन्स्पेक्शन | रेंडर, थ्रीडी प्रिंट, प्रदर्शनातलं मॉडेल |

घोळ होतात ते बहुतेक एका मार्गाचं काम दुसऱ्याकडून करून घेताना. घाईत पार्टमध्ये कट घालून स्क्रीनशॉट घेतला जातो, फाइल तशीच सेव्ह होते आणि तोच अर्धा पार्ट स्टेप फाइल होऊन व्हेंडरकडे जातो. पडद्यावरच्या सेक्शनने दोन क्लिकमध्ये जे दिसलं असतं, त्यासाठी मॉडेलला हात लावू नका.

पडद्यावरचा सेक्शन

रोजच्या डिझाइनमध्ये सर्वांत जास्त वापर याचाच होतो, आणि सॉफ्टवेअरमधला फरकही इथेच जास्त जाणवतो.

सॉलिडवर्क्समध्ये ग्राफिक्स एरियाच्या वरच्या पट्टीत ‘सेक्शन व्ह्यू’चा आयकॉन आहे. फ्रंट, टॉप, राइट किंवा आपण काढलेलं कुठलंही प्लेन निवडता येतं, ऑफसेट टाइप करता येतो, दोन अक्षांभोवती तिरपं करता येतं आणि एकूण तीन प्लेन लावता येतात. ‘प्लॅनर’ पद्धतीत दुसरं प्लेन लावलं की पहिल्याने उरलेला भाग आणखी कापला जातो, म्हणजे हाती पाव भाग उरतो. पंप दाखवताना बहुधा उलट हवं असतं: पाव भाग काढलेला आणि पाऊण भाग उरलेला. त्यासाठी ‘झोनल’ पद्धत घ्या आणि जो विभाग काढायचा तो निवडा. असेंब्लीत ‘सेक्शन बाय कंपोनंट’ वापरून शाफ्ट, इंपेलर आणि बोल्ट वगळा. मग केसिंग कापलेलं दिसतं आणि आतला रोटर पूर्ण दिसतो. हे एका व्ह्यूच्या नावाने सेव्ह करून ठेवा, म्हणजे पुढच्या रिव्ह्यूला पुन्हा जुळवावं लागत नाही.

त्याच खिडकीत ‘ग्राफिक्स-ओन्ली सेक्शन’ असा एक चेकबॉक्स आहे. त्यावर टिक असेल तर मोठ्या असेंब्लीत प्लेन भराभर सरकतं, पण कापलेल्या कडा निवडता येत नाहीत. मोजायचं असेल तर टिक काढा. ‘मेजर टूल कडा धरत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यावरच मिटते.

फ्यूजनमध्ये इन्स्पेक्ट मेनूतून ‘सेक्शन ॲनालिसिस’ घ्यायचं, फेस किंवा प्लेन निवडायचं, बाण ओढायचा किंवा अंतर टाइप करायचं. ओके केल्यावर हे विश्लेषण ब्राउझरमधल्या ‘ॲनालिसिस’ फोल्डरमध्ये नावासकट राहतं आणि डोळ्याच्या चिन्हाने चालू-बंद होतं. फाइल बंद करून आठवड्याने उघडली तरी ते तिथेच असतं. शिकणाऱ्याला हे फार सोयीचं पडतं: ‘सील चेंबर’, ‘बेअरिंग सीट’, ‘वेअर रिंग’ अशी तीन विश्लेषणं करून ठेवावीत आणि डिझाइन बदलेल तशी चालू करून पाहावीत. मात्र एका विश्लेषणात प्लेन एकच असतं.

इन्व्हेंटरमध्ये असेंब्लीच्या व्ह्यू टॅबवर हाफ, क्वार्टर आणि थ्री-क्वार्टर असे सेक्शनचे वेगळे पर्याय तयारच आहेत. पाव भाग काढलेला पंप इतक्या कमी खटाटोपात फार थोड्या ठिकाणी मिळतो: थ्री-क्वार्टर निवडा, दोन वर्क प्लेन दाखवा, झालं. पार्टच्या आत स्केच काढताना एफ-७ दाबलं की स्केच प्लेनच्या पुढचं सगळं नाहीसं होतं. हे सेक्शनचं साधन म्हणून शिकवलं जात नाही, पण केसिंगच्या आत एखादी खाच काढताना याच्याशिवाय काम चालत नाही. फ्यूजनच्या स्केच पॅलेटमध्ये ‘स्लाइस’ आणि फ्रीकॅडच्या स्केचरमध्ये ‘व्ह्यू सेक्शन’ हे बटण तेच काम करतं.

क्रिओची रीत मुळातच वेगळी आहे. तिथे सेक्शन हा मॉडेलचाच भाग असतो: व्ह्यू मॅनेजरमध्ये नावाने साठवला जातो, आणि ड्रॉइंगमध्ये व्ह्यूच्या प्रॉपर्टीत जाऊन तेच नाव निवडलं की तोच सेक्शन शीटवर येतो. सरळ प्लेनशिवाय स्केचने ठरवलेला पायरीचा ऑफसेट सेक्शनही करता येतो. व्होल्यूटवर काम करणाऱ्यांना ही रीत मानवते. व्होल्यूटचं क्षेत्रफळ जिभेपासून (व्होल्यूट जिथे सुरू होतो त्या टोकापासून) हळूहळू वाढत जातं, आणि ते तपासायला अक्षाभोवती दर ४५ अंशांवर एक असे आठ सेक्शन लागतात. क्रिओमध्ये त्या आठांना नावं देऊन ठेवली की इंपेलरचा व्यास बदलल्यावर सेक्शन नव्याने उभे करावे लागत नाहीत. सॉलिडवर्क्समध्ये हेच काम करायचं तर आधी आठ रेफरन्स प्लेन काढावी लागतात आणि आठ व्ह्यू सेव्ह करावे लागतात. क्रिओत धोका एकच: मॉडेलमधला सेक्शन कुणी पुसला किंवा त्याचं मूळ प्लेन गेलं, की ड्रॉइंगवरचा व्ह्यू कोसळतो.

एनएक्समध्ये कंट्रोल-एच ने ‘एडिट सेक्शन’ उघडतो. कापलेल्या तोंडांना वेगळा रंग देणं आणि एकमेकांत घुसलेले भाग दाखवणं, दोन्ही तिथल्या तिथे होतं.

फ्रीकॅडमध्ये हे काम दोन जागी विभागलं आहे. व्ह्यू मेनूतलं ‘क्लिपिंग प्लेन’ झटपट चालतं, पण कापलेलं तोंड भरून दाखवत नाही, त्यामुळे भरीव शाफ्टही पोकळ नळीसारखा दिसतो. नवखे लोक हे पाहून मॉडेल बिघडलं असं समजतात. मॉडेल ठीक असतं. ग्राफिक्स फक्त पृष्ठभागाचे त्रिकोण कापतं आणि मोकळी कड तशीच सोडतं. भरलेलं तोंड हवं असेल तर पार्ट वर्कबेंचमधलं ‘पर्सिस्टंट सेक्शन कट’ वापरा, ते ०.२० आवृत्तीपासून मिळतं. ते खरोखर बुलियन कट (एका आकारातून दुसरा वजा करणं) करतं, म्हणून वेळ घेतं. दोन भाग एकमेकांत घुसलेले असतील तर त्यासाठी एक वेगळा चेकबॉक्स लावावा लागतो आणि काम आणखी मंदावतं.

ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं आणि व्ह्यू क्यूबजवळच्या मेनूत सेक्शन व्ह्यू आहे. सराव करायला छान. पण त्याच्या फुकट प्लॅनमधली डॉक्युमेंट सार्वजनिक असतात, म्हणून ग्राहकाचं डिझाइन तिथे ठेवू नका.

मोजमाप चुकतं कुठे

सेक्शनमध्ये दिसलेलं अंतर खरंच असेल असं नाही. याची तीन कारणं आहेत, आणि तिन्हींचे आकडे ओळखीचे असलेले बरे.

पहिलं कारण, प्लेन अक्षातून जात नाही. ६ मिमी व्यासाचं भोक मध्यापासून १ मिमी बाजूला कापलं तर कापात रुंदी ५.६६ मिमी दिसते. २० मिमीचं भोक ५ मिमी बाजूला कापलं तर १७.३२ दिसते. ऑफसेटचा बाण हाताने ओढला की हे हमखास होतं. म्हणून बाण ओढू नका. अक्षातून जाणारं प्लेन आधी काढा आणि सेक्शनला तेच द्या.

दुसरं, प्लेन तिरपं आहे. ८ मिमी जाडीची भिंत काटकोनाऐवजी ३० अंश कलून कापली तर जाडी ९.२४ मिमी मोजली जाते. कास्टिंगच्या किमान जाडीची तपासणी अशा कापावर केली तर पातळ भिंतही पास होऊन जाते, आणि ही चूक हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) गळती होईपर्यंत लक्षात येत नाही. व्होल्यूटची भिंत दोन्ही दिशांना वळते, त्यामुळे एकच प्लेन सगळीकडे काटकोनात बसत नाही. जाडीसाठी थिकनेस ॲनालिसिस वापरा आणि सेक्शन फक्त संशयाची जागा शोधायला ठेवा.

तिसरं कारण वेअर रिंगच्या बाबतीत सर्वांत फसवं आहे. पडद्यावरचं वर्तुळ सरळ तुकड्यांचं बनलेलं असतं. समजा १०० मिमी व्यासाची रिंग ४८ तुकड्यांत काढली आहे. प्रत्येक तुकड्याचा मध्य खऱ्या वर्तुळापेक्षा ०.१०७ मिमी आत असतो. वेअर रिंग आणि इंपेलर यांच्यातला एका बाजूचा क्लिअरन्स ०.२ मिमी असेल, तर झूम करून पाहिल्यावर तो कुठे ०.०९ आणि कुठे ०.३१ असा दिसू शकतो. क्लिअरन्स ०.१ असेल तर मुळात नसलेलं घासणंही दिसू शकतं. यावर दोन उपाय आहेत. सॉलिडवर्क्समध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीतली इमेज क्वालिटी वाढवा, फ्रीकॅडमध्ये त्या वस्तूचं ‘डेव्हिएशन’ आणि ‘अँग्युलर डिफ्लेक्शन’ कमी करा. त्याने चित्र सुधारतं. दुसरा आणि खात्रीचा उपाय असा की कापाच्या कडेवर मोजूच नका, दोन्ही दंडगोल फेस निवडून मोजा. ते माप मूळ भूमितीतून येतं, पडद्यावरच्या तुकड्यांतून नाही.

प्लेन एखाद्या सपाट फेसवर तंतोतंत बसलं की कापलेलं तोंड लुकलुकतं किंवा दोन रंगांत फाटल्यासारखं दिसतं. ०.०१ मिमी सरकवा, थांबतं.

लाल भाग, पोकळ भाग

काही सॉफ्टवेअर सेक्शनमध्येच इंटरफेरन्स रंगवून दाखवतात. दिसलेला प्रत्येक लाल भाग दोष नसतो. एम-८ बोल्टचा व्यास ८ मिमी काढलेला असतो आणि आट्याचं भोक टॅप ड्रिलच्या ६.८ मिमीचं, कारण आटे कॉस्मेटिक, म्हणजे फक्त दाखवण्यापुरते, असतात. साहजिकच प्रत्येक बोल्टभोवती लाल कडं येतं. ३.५३ मिमी जाडीची ओ-रिंग मोकळ्या स्थितीत काढलेली असते आणि खाच २.८ मिमी खोल असते. तिथेही लाल येणारच, आणि तोच तिचा दाब. हे दोन्ही बाजूला ठेवून उरलेला लाल भाग तपासा. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, सीलच्या स्प्रिंगजवळ किंवा इंपेलर नटपाशी लाल दिसलं तर मात्र तिथे थांबा.

व्हेंडरकडून आलेल्या स्टेप फाइलचा सेक्शन पोकळ दिसला, तर बॉडी सॉलिड म्हणून न येता सुट्या पृष्ठभागांची आलेली असण्याची शक्यता जास्त. सॉलिडवर्क्समध्ये ‘इंपोर्ट डायग्नोस्टिक्स’ चालवा. फ्रीकॅडमध्ये ‘चेक जॉमेट्री’ चालवून मग सॉलिडमध्ये रूपांतर करा. दुरुस्ती न करता पुढे गेलात तर वजन शून्य किंवा भलतंच येईल, आणि ड्रॉइंगमधल्या सेक्शनला हॅचिंगही मिळणार नाही.

ड्रॉइंगमधला सेक्शन

पडद्यावर सुंदर दिसणारं सॉफ्टवेअर इथे तोकडं पडू शकतं, कारण ड्रॉइंगच्या सेक्शनला संकेत पाळावे लागतात. भारतीय मानक ब्युरोचं एसपी ४६:२००३ आणि आयएसओ १२८-३ यांच्यानुसार शाफ्ट, बोल्ट, नट, पिन, की, रिव्हेट आणि रिब लांबीच्या दिशेने प्लेन गेलं तरी कापलेल्या दाखवत नाहीत. शेजारच्या भागांचं हॅचिंग उलट दिशेने किंवा वेगळ्या अंतराने काढतात. गॅस्केटसारखा पातळ भाग पूर्ण काळा भरतात.

यामागे नेमकं कारण आहे. बेअरिंग हाउसिंगच्या दोन बाजूंना १० मिमीच्या रिब आहेत असं धरा. प्लेन त्यांच्या मधोमध गेलं आणि सॉफ्टवेअरने त्यांनाही हॅचिंग केलं, तर शीटवर भरीव शंकूसारखा आकार दिसतो. कोल्हापूर किंवा बेळगावच्या फाउंड्रीत पॅटर्न बनवणारा तेवढाच व्ह्यू पाहून कामाला लागला तर चुकीचा पॅटर्न तयार होऊ शकतो. तपासायचं पहिलं ठिकाण म्हणून रिबच पाहा.

सॉलिडवर्क्स इथे सर्वांत कमी त्रास देतं. असेंब्लीचा सेक्शन काढताना ‘सेक्शन स्कोप’ची खिडकी येते. तिथे वगळायचे भाग निवडा, ‘ऑटो हॅचिंग’वर टिक करा आणि ‘एक्स्क्लूड फास्टनर्स’वरही (बोल्ट-नट वगळण्यासाठी). हे शेवटचं टूलबॉक्समधून (तयार भागांच्या लायब्ररीतून) आणलेल्या फास्टनरवर चालतं. बाहेरून आणलेला बोल्ट त्याला ओळखू येत नाही, त्या फाइलला फास्टनर असल्याची प्रॉपर्टी द्यावी लागते. रिबचंही तसंच आहे: ‘रिब’ फीचरने काढलेली असेल तर वगळता येते, साध्या एक्स्ट्रूडने काढलेली असेल तर तिचं हॅचिंग होतंच. म्हणजे ड्रॉइंग चांगलं हवं असेल तर काळजी मॉडेलिंग करतानाच घ्यावी लागते. सेक्शन लाइन मॉडेलच्या पूर्ण आरपार गेली नाही तर अर्धवट सेक्शन हवा आहे का असं सॉफ्टवेअर विचारतं. तो प्रश्न वाचून उत्तर द्या. सवयीने ‘यस’ दाबलं की अर्धाच काप येतो.

शाफ्टवरची कीवे (की बसायची खाच) दाखवायला पूर्ण सेक्शन नको, ‘ब्रोकन-आउट सेक्शन’ घ्या. व्ह्यूवर बंद स्प्लाइन काढा, टूल निवडा आणि खोलीसाठी शाफ्टची गोल कड दाखवा. काप मध्यापर्यंत जातो. हा आधीच्या सेक्शन व्ह्यूवर किंवा डिटेल व्ह्यूवर लागत नाही, तेव्हा तो मूळ व्ह्यूवरच आधी करा.

फ्रीकॅडच्या टेकड्रॉ या ड्रॉइंग वर्कबेंचमध्ये सेक्शन व्ह्यू निघतो, हॅचिंगचे पॅटर्नही देता येतात. एकेकट्या पार्टसाठी तो पुरेसा आहे. असेंब्लीत मात्र न कापायचे भाग वगळण्याची सॉलिडवर्क्ससारखी सोपी यादी हाताशी नाही. शाफ्टचा वेगळा व्ह्यू काढून तो सेक्शनवर नेमका बसवावा लागतो, आणि पंधरा-वीस भागांच्या पंपात हे काम जिकिरीचं होतं. सेक्शन रिकामाच आला तर मूळ आकारात दोष असण्याची शक्यता असते, कारण टेकड्रॉही आत बुलियन कटच करतो. अशा वेळी ‘फ्यूज बिफोर सेक्शन’ ही प्रॉपर्टी एकदा चालू करून पाहा आणि एकदा बंद करून पाहा.

प्रोजेक्शनची (शीटवर व्ह्यू कोणत्या बाजूला मांडायचे याची) सेटिंगही सेक्शनइतकीच महत्त्वाची. भारतात फर्स्ट अँगल चालतो. त्यात सेक्शन लाइनचे बाण सेक्शन व्ह्यूच्या दिशेने रोखलेले दिसतात. अमेरिकन ग्राहकाला थर्ड अँगल हवा असतो, तिथे बाण व्ह्यूपासून उलटे. शीटची सेटिंग एक आणि टायटल ब्लॉकमधलं चिन्ह दुसरंच असेल तर डावी-उजवी बाजू उलटी वाचली जाते. पंपात याचा अर्थ डिस्चार्जचं तोंड चुकीच्या बाजूला.

इंपेलर कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये आपोआप नीट येत नाही. वळलेल्या पात्यांतून सरळ प्लेन गेलं की पात्यांचे तुटक, तिरके तुकडे दिसतात, आणि त्यांवरून ना उंची कळते ना जाडी. पातं अक्षाच्या प्लेनमध्ये फिरवून आणलेला मेरिडियनल आकार स्केच म्हणून वेगळा काढा आणि डायमेन्शन त्याच्यावर द्या.

खरा काप कधी

रेंडर, थ्रीडी प्रिंट, प्रदर्शनातलं कटअवे मॉडेल, किंवा सेक्शनचं साधनच नसलेल्या व्ह्यूअरमध्ये पाहणाऱ्याला पाठवायची फाइल, एवढ्यासाठीच. तोही पार्टमध्ये नाही, असेंब्लीत घाला. सॉलिडवर्क्समध्ये आधी कापाची वेगळी कॉन्फिगरेशन करा. मग इन्सर्ट, असेंब्ली फीचर, कट, एक्स्ट्रूड या क्रमाने जा. शाफ्टच्या टोकाकडून दिसणाऱ्या प्लेनवर, कोपरा अक्षावर ठेवून आयत काढा आणि ‘थ्रू ऑल’ द्या. फीचर स्कोपमधलं ‘ऑटो-सिलेक्ट’ काढून फक्त केसिंग, कव्हर आणि बेअरिंग हाउसिंग निवडा. शेवटी मूळ कॉन्फिगरेशनमध्ये हे फीचर सप्रेस करा. ‘प्रॉपगेट फीचर टू पार्ट्स’वर टिक नाही याची खात्री करा, नाहीतर काप पार्टच्या फाइलपर्यंत पोचतो. इन्व्हेंटरमध्येही असेंब्लीतलं कट फीचर पार्टच्या फाइलला हात लावत नाही, आणि कोणता भाग कापायचा ते फीचरखालच्या ‘पार्टिसिपंट्स’ यादीतून काढता-घालता येतं.

फ्यूजनमध्ये सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे फाइलची वेगळी प्रत करून तिच्यावर काप घेणं. एक्स्ट्रूडच्या खिडकीत ‘ऑब्जेक्ट्स टू कट’मधून शाफ्ट आणि इंपेलरची टिक काढा.

प्रिंटसाठी पाठवताना हलणाऱ्या भागांमधला क्लिअरन्स वाढवावा लागतो. ०.१ किंवा ०.२ मिमीची फट एफडीएम (वितळलेलं प्लास्टिक थराथराने घालणाऱ्या) प्रिंटरवर चिकटून बसते, ०.३ ते ०.५ ठेवा. अर्थात हा बदलही त्या प्रतीतच.

कोणी काय घ्यावं

डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने फ्यूजनवर सेक्शनची सवय लावावी आणि ड्रॉइंगचे संकेत हाताने पक्के करावेत. लायसन्सचा खर्च नको असलेल्या आणि एकेकटे पार्ट तपासणाऱ्या छोट्या जॉबशॉपला फ्रीकॅड पुरेल. स्टेप उघडणं, पर्सिस्टंट सेक्शन कट लावणं, भिंत आणि भोकं मोजणं हे सगळं त्यात नीट होतं. नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीपासून असेंब्ली वर्कबेंचही त्यातच येतं. पण महिन्याला डझनभर असेंब्ली ड्रॉइंग काढणाऱ्या ऑफिसने केवळ खर्च वाचवायला फ्रीकॅडवर येऊ नये. वाचलेला पैसा हॅचिंग आणि वगळण्याच्या कामात जातो आणि चुका वाढतात त्या वेगळ्याच. अशा ऑफिसला सॉलिडवर्क्स किंवा इन्व्हेंटर. दोघांत निवडताना पडद्यावर दाखवायचं काम जास्त असेल तर इन्व्हेंटरचा थ्री-क्वार्टर सोपा, शीटवरचं काम जास्त असेल तर सॉलिडवर्क्सचा सेक्शन स्कोप. व्होल्यूट, इंपेलर, टर्बाइनसारखे सतत बदलणारे वक्र आकार आणि त्यांचे ठरलेले सेक्शन वारंवार तपासायचे असतील, तर क्रिओ शिकायला लागणारा वेळ वसूल होतो.

पंपहाउसची मांडणी, पाइपिंग आणि फाउंडेशन दाखवणाऱ्यांना स्केचअप बरं. त्यात एका संदर्भात एकच सेक्शन प्लेन चालू राहतं, पण ग्रुपच्या आत लावलेलं प्लेन फक्त त्या ग्रुपला कापतं. याचा उपयोग करून इमारत एका जागी आणि टाकी दुसऱ्या जागी कापता येते. प्रत्येक काप एका सीनमध्ये ठेवा. कापात रंग भरला नाही तर कडा कुठेतरी जुळलेल्या नाहीत. क्लिअरन्सच्या तपासणीसाठी स्केचअप वापरू नका.

पैसे भरण्याआधी ट्रायलमध्ये एक छोटा ठोकळा करून पाहा: ६० × ६० × ४० मिमी, मध्ये २० मिमीचं आरपार भोक, त्यात १९.८ मिमीचा शाफ्ट, कोपऱ्यात एक एम-८ बोल्ट, बाजूला ५ मिमीची रिब. अक्षातून सेक्शन लावून फट मोजा, ०.१ यायला हवी. शाफ्ट न कापता ठोकळा कापून दाखवा. पाव भाग काढा. ड्रॉइंगमध्ये बोल्ट, शाफ्ट आणि रिब तिन्ही हॅचिंगविना येतात का ते पाहा. फाइल बंद करून पुन्हा उघडा आणि सेक्शन टिकला का तपासा. शेवटी सेक्शन चालू ठेवूनच स्टेप एक्स्पोर्ट करा आणि ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ठोकळा पूर्ण आला आहे याची खात्री करा.